कायद्याचा प्रवासी विद्यार्थी

विद्येला सरहद्द नसते असे आपण म्हणतो, आणि पुष्कळशा विद्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. रक्ताभिसरण रोममध्ये जसे चालते तसेच न्यूयॉर्कमध्येही चालते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज राज्य बदलले म्हणून कमीजास्त होत नाही. यास्तव वैद्यकाच्या अथवा गणिताच्या विद्यार्थ्याने परदेशी जावे, तेथील भाषेत शिकावे आणि परत येऊन ती विद्या स्वदेशी चालवावी, यात नवल काही नाही. कायद्याची गोष्ट मात्र निराळी आहे. नदीच्या या तीरावर जो करार बंधनकारक, तोच पलीकडच्या तीरावर निव्वळ बोलाचालीत जमा होतो. येथे जो वारस, तो तेथे परका ठरतो. शिवाय कायदा हा शब्दांचाच बनलेला असतो. घर विटांचे असते तसा कायदा शब्दांचा असतो, आणि शब्द कोणत्या ना कोणत्या एका भाषेचे असतात.

अलीकडे आमच्या ओळखीच्या घरांतूनही एखादा मुलगा किंवा मुलगी विद्यापीठांच्या परस्पर करारान्वये कायद्याचे एखादे सत्र हॉलंडात किंवा जर्मनीत जाऊन इंग्रजीतून शिकून येते. घरची वडीलधारी माणसे मग आम्हांस विचारतात, 'ज्या देशात वकिली करावयाची नाही त्याचा कायदा, आणि तोही जी भाषा त्या देशाची नाही तिच्यातून शिकून मुलाच्या पदरी काय पडणार?' प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही इतिहासाचे अध्यापक असल्यामुळे त्याचे उत्तर इतिहासात शोधणे आम्हांस प्राप्त आहे. हा इतिहास पाहू गेल्यास प्रथम नजरेत भरते ते असे की, कायद्याचा विद्यार्थी घरी बसणारा असावयास हवा, पण गेली जवळजवळ नऊ शतके विद्येसाठी हिंडणाऱ्यांत तोच अग्रभागी राहिला आहे.

आरंभ अगदी जवळच्या काळातील एका प्रसंगाने करू. सोफिया कोर्राडी ही १९३४ मध्ये जन्मलेली रोमची मुलगी तेथील विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करीत होती. अमेरिकेच्या सरकारने १९४६ मध्ये सिनेटर फुलब्राइट यांच्या पुढाकाराने परदेशी विद्यार्थ्यांसाठी व अध्यापकांसाठी एक योजना आखली होती. युद्धानंतर परदेशांत उरलेल्या अमेरिकन युद्धसामग्रीच्या विक्रीचा पैसा विद्येच्या देवघेवीस लावावा, ही त्यामागील कल्पना. फुलब्राइट हे स्वतः कायद्याचे पदवीधर आणि ऑक्सफर्डात ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर शिकून आलेले गृहस्थ होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. याच योजनेतून शिष्यवृत्ती मिळवून कोर्राडी १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या व तुलनात्मक कायद्याची उच्च पदवी घेऊन परतल्या. रोममध्ये त्यांची शेवटची वर्षे पुरी व्हावयाची होती. तेव्हा कोलंबियात दिलेल्या परीक्षा येथे हिशेबात धराव्यात, असा अर्ज घेऊन त्या विद्यापीठाच्या कचेरीत गेल्या. तेथील अधिकाऱ्याने अर्ज तर फेटाळलाच, पण चारचौघांत त्यांची चेष्टाही केली. कोलंबिया हे नाव आपण कधी ऐकले नाही, अभ्यास सोडून मौज करीत हिंडलात, अशा अर्थाचे ते बोलणे होते. कोर्राडींस रोमच्या परीक्षा देऊनच रोमची पदवी घ्यावी लागली. त्यांनी मात्र हा अपमान मनात जपून ठेवला आणि पुढील तीस वर्षे त्याचे व्याज वसूल केले. ते कसे, हे पुढे येईल. पण तो अधिकारी उद्धट असला तरी निव्वळ मूर्ख होता असे म्हणता येत नाही. रोमचा कायदा शिकावयाचा असताना न्यूयॉर्कच्या परीक्षा कशा चालतील, ही त्याची अडचण फार जुन्या इतिहासातून आलेली होती.

तो इतिहास बोलोन्यापासून सुरू होतो. इटलीतील या नगरात अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभी इर्नेरियस नावाचा पंडित जस्टिनियन बादशहाचे रोमन कायद्याचे ग्रंथ शिकवू लागला, आणि आल्प्सच्या अलीकडून व पलीकडून विद्यार्थ्यांची रीघ लागली. परक्या गावात राहणाऱ्या या तरुणांचे हाल काही कमी नव्हते. एका जर्मनाने कोणाचे कर्ज बुडविले, तर सावकाराने गावातील दुसऱ्याच जर्मन विद्यार्थ्याची चीजवस्तू अडकवावी, अशी त्या काळची रीत होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने ११५५ च्या सुमारास एक फर्मान काढून या विद्यार्थ्यांस अभय दिले. देशबांधवाच्या कर्जासाठी विद्यार्थ्यास कोणी धरू नये. त्याच्यावर कोणी दावा लावल्यास आपल्या गुरूसमोर की बिशपासमोर उभे राहावयाचे, हे विद्यार्थ्याने ठरवावे. विद्येसाठी प्रवास करणाऱ्यास जाण्यायेण्याची मोकळीक असावी. 'हाबिता' या नावाने प्रसिद्ध असलेले हे फर्मान म्हणजे परदेशी विद्यार्थ्याच्या हक्काची पहिली सनदच होय. आणि ती प्रथम कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पदरात पडली, हा योगायोग नव्हे.

पुढे या विद्यार्थ्यांनी आपापल्या देशांप्रमाणे संघ केले. आल्प्सच्या अलीकडचे व पलीकडचे असे त्यांचे दोन मोठे गट असत, आणि विद्यापीठाचा कारभार त्यांचे निवडलेले प्रमुखच पाहत. प्राध्यापकास एक दिवस रजा हवी असली तरी विद्यार्थ्यांची परवानगी लागे. तास उशिरा सुरू केला तर दंड. नेमलेल्या व्याख्यानास पाच श्रोतेही जमले नाहीत, तर प्राध्यापक गैरहजर होता असे समजून पुन्हा दंड! आमच्या व्यवसायबंधूंनी आजच्या विद्यार्थ्यांविषयी तक्रार करण्यापूर्वी बोलोन्याचे हे नियम एकदा अवश्य आठवावेत.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने बोलोन्याचे खरे वैशिष्ट्य वेगळेच आहे. तेथे आलेला पोल, स्पॅनिश वा जर्मन विद्यार्थी लॅटिनमधून शिके. ती त्याची मातृभाषा नव्हती, पण तेथे ती कोणाचीच मातृभाषा राहिली नव्हती. आणि शिकावयाचा कायदाही लॅटिनमध्येच जन्मलेला होता. कायदा आणि त्याची भाषा यांची तेथे फारकत झालेली नव्हती. विद्यार्थी घरी परत गेला म्हणजे जस्टिनियनचे ग्रंथ आणि त्यांवरील टीका त्याच्याबरोबर जशाच्या तशा जात, आणि त्याच्या देशातील न्यायाधीशही त्याच ग्रंथांपुढे मान लववीत. आपल्याकडे काशीहून शिकून आलेल्या शास्त्र्याच्या शब्दास पैठणात जो मान असे, तोच तेथे बोलोन्याच्या पदवीधरास सर्व युरोपखंडभर असे. प्रवासी विद्यार्थ्याच्या इतिहासातील हे सुवर्णयुग म्हणावयास हरकत नाही.

या व्यवस्थेला अपवाद एकच होता, आणि तो इंग्लंडचा. बाराव्या शतकाच्या मध्यावर व्हॅकेरियस नावाचा बोलोन्याचा पंडित इंग्लंडात गेला व त्याने तेथे रोमन कायदा शिकविला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे पुढे तोच शिकवीत राहिले. पण राजाच्या न्यायालयांत चालणारा देशी कायदा, ज्यास आपण कॉमन लॉ म्हणून ओळखतो, तो विद्यापीठांच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. तो लंडनच्या इन्स ऑफ कोर्टमध्ये, जुन्या बॅरिस्टरांच्या पंगतीला बसून आणि न्यायालयातील वादविवाद कानांनी टिपून शिकावा लागे. त्याची भाषाही चमत्कारिक होती. नॉर्मन राज्यकर्त्यांच्या मागोमाग आलेली फ्रेंच तेथे वकिलांच्या तोंडी रुळली आणि सामान्य लोक ती विसरले तरी वकील काही विसरेनात. १३६२ मध्ये पार्लमेंटने ठराव केला की, लोकांस फ्रेंच समजत नाही, यास्तव वाद इंग्रजीत चालावेत व नोंदी लॅटिनमध्ये ठेवाव्यात. गंमत अशी की, हा ठराव स्वतः फ्रेंचमध्येच लिहिलेला होता! वकिलांनी टिपणे फ्रेंचमध्येच चालू ठेवली. आणि हळूहळू त्या फ्रेंचची अशी काही दशा झाली की, १६३१ मध्ये सॉल्सबरी येथे एका कैद्याने न्यायाधीशांवर वीट फेकली व ती थोडक्यात चुकली, एवढी साधी हकीकत लिहिताना टिपणकाराला अर्ध्याअधिक शब्दांसाठी इंग्रजीचीच उसनवारी करावी लागली. आपल्याकडील जुन्या कचेरीतील कारकुनाची फारसीमिश्रित मराठी ज्यांनी वाचली आहे, त्यांस या लेखनाची कल्पना सहज येईल.

राजाचा शिरच्छेद झाल्यावर १६५० मध्ये क्रॉमवेलच्या काळच्या पार्लमेंटने कायद्याची पुस्तके इंग्रजीत करण्याचा हुकूम सोडला. १६६० मध्ये राजा परत आला आणि त्याच्याबरोबर जुनी भाषाही परत आली. अखेर १७३१ च्या कायद्याने, व १७३३ पासून प्रत्यक्ष अंमलात, इंग्लंडच्या न्यायालयांत इंग्रजी कायमची प्रस्थापित झाली. ज्या भाषेतून आज जगभरचे विद्यार्थी कायदा शिकतात, तिला स्वतःच्या देशातील न्यायालयाची पायरी चढण्यास इतका काळ लागला. ऑक्सफर्डात इंग्लिश कायद्याचे पहिले प्राध्यापकपद ब्लॅकस्टन यांस मिळाले ते १७५८ मध्ये. तोपर्यंत हा कायदा शिकण्यास कोणी परदेशी लंडनला जात नव्हता, आणि लंडनचा विद्यार्थी तो शिकण्यास परदेशी जाऊ शकत नव्हता. युरोपातील सर्व कायद्यांत सर्वांत कमी प्रवास केलेला कायदा तो हाच. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आमच्या पुढील विवेचनाची मेख येथेच आहे.

इंग्लंडच्या उत्तरेस स्कॉटलंड मात्र निराळ्या वाटेने गेले. तेथील कायद्यावर रोमन कायद्याची छाया दाट. म्हणून सतराव्या व अठराव्या शतकांत स्कॉटिश वकिलांची मुले शेकड्यांनी हॉलंडात शिकण्यास जात. १५७५ मध्ये स्थापन झालेले लायडन आणि १६३६ मध्ये स्थापन झालेले उट्रेख्ट ही त्यांची काशी-प्रयाग. डॉक्टर जॉन्सन यांचा चरित्रकार म्हणून आपल्या महाविद्यालयांतून परिचित असलेला जेम्स बॉझवेल हा त्यांतलाच एक. वडील लायडनला शिकलेले. मुलाने १७६३ मध्ये उट्रेख्ट गाठले. जॉन्सन त्यास निरोप देण्यास हारिच बंदरापर्यंत आले होते. परक्या गावातील पहिल्या दिवसांत बॉझवेलला जी उदासीनता आली, तिचे वर्णन त्याच्या पत्रांतून वाचताना आजच्या कोणाही परदेशस्थ विद्यार्थ्याच्या आईबापांस आपल्याच मुलाचे पत्र वाचल्यासारखे वाटेल. मग तो सावरला. प्राध्यापक ट्रॉत्स यांच्या रोमन कायद्यावरील व्याख्यानांस नेमाने बसू लागला, आणि फाटक्या फ्रेंचमध्ये रोज लिहून ती भाषाही त्याने सुधारली. १७६६ मध्ये तो एडिंबरोला वकील झाला तो लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहून. विषय होता, मृत्युपत्राने दिलेले घरातील सामानसुमान. हॉलंडात लॅटिनमधून शिकलेला कायदा एडिंबरोच्या न्यायालयात पुढे चालवता येत होता, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण.

परंतु या जुन्या इमारतीचा पाया तोपर्यंत खचू लागला होता. ह्यूगो ग्रोटियस याने तुरुंगात असताना हॉलंडच्या कायद्यावर एक ग्रंथ लिहिला तो डच भाषेत, आणि १६३१ मध्ये तो छापलाही. १६८७ मध्ये लाइप्झिगला क्रिस्टियान थॉमासियस या कायद्याच्या अध्यापकाने आपल्या व्याख्यानाची सूचना जर्मन भाषेत लावली, तेव्हा विद्यापीठाच्या फळ्यास जणू विटाळ झाला असा गहजब उडाला. त्यास पुढे लाइप्झिग सोडावे लागले, पण हालेला जाऊन त्याने नवे विद्यापीठ उभारण्यास हात लावला. मायबोलीचा हा ओघ नंतर थांबला नाही. १८०४ मध्ये फ्रान्सने आपली दिवाणी संहिता फ्रेंचमध्ये सिद्ध केली. १८१४ मध्ये सॅव्हिन्यी या जर्मन पंडिताने प्रतिपादन केले की, कायदा हा भाषेसारखाच लोकांच्या जीवनातून आपोआप वाढतो. तो वरून लादता येत नाही. सॅव्हिन्यी स्वतः आयुष्यभर रोमन कायदा शिकवीत होते ही विसंगती सोडून दिली, तरी त्यांच्या या विचाराने एक युग संपविले असे म्हणावे लागते. १९०० मध्ये जर्मनीची दिवाणी संहिता अंमलात आली. राष्ट्र तितके कायदे, आणि कायदे तितक्या भाषा! आता जर्मन विद्यार्थ्याने बोलोन्यास जाऊन करावे काय? प्रवासी विद्यार्थ्याच्या पायांखालची वाटच नाहीशी झाली. रोमच्या कचेरीतील तो अधिकारी १९५८ मध्ये जे बोलला, ते या दीडशे वर्षांच्या राष्ट्रीय कायद्याच्या वतीने बोलला.

कोर्राडी यांनी त्यास दिलेले उत्तर दीर्घ उद्योगाचे होते. त्या पुढे इटलीच्या विद्यापीठप्रमुखांच्या परिषदेच्या सल्लागार झाल्या, आणि १९६९ मध्ये त्यांनी एक टिपण तयार करून शासनापुढे ठेवले. विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाच्या संमतीने अभ्यासाचा काही भाग परदेशी पुरा केला, तर तो घरच्या पदवीत मोजला जावा, हा त्याचा सारांश. कचेऱ्या, मंत्री, परिषदा यांच्या पायऱ्या त्यांनी किती झिजविल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी. १९७६ मध्ये युरोपीय समुदायाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यापीठांच्या संयुक्त अभ्यासक्रमांस मान्यता दिली, आणि १९८७ मध्ये 'इरॅस्मस' योजना सुरू झाली. एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून हे नाव घडविले असले, तरी त्यात रॉटरडॅमच्या इरॅस्मस या थोर पंडिताची आठवण आहे. तो पॅरिस, इटली, इंग्लंड, बाझेल असा आयुष्यभर हिंडला. इंग्लंडातील कायदेपंडित टॉमस मूर याच्याशी त्याची गाढ मैत्री होती आणि ती सारी लॅटिनमधून चाले. योजनेच्या पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी परदेशी गेले. पुढे ही संख्या लक्षावधींवर गेली. कोर्राडींस युरोपभर लोक 'इरॅस्मसची आई' म्हणू लागले, आणि २०१६ मध्ये त्यांस स्पेनमध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या नावाचा युरोपीय पुरस्कार मिळाला. एका अर्जाच्या नकाराचे याहून मोठे फळ आम्हांस तरी ठाऊक नाही.

तथापि कायद्याची अडचण येथेही मिटली नाही. एका विद्यापीठातील अभ्यास दुसऱ्यात मोजण्यासाठी गुणांचे एक समान माप ठरवावे लागले. १९८९ पासून त्याचा प्रयोग झाला तो वाणिज्य-व्यवस्थापन, रसायन, इतिहास, यंत्रशास्त्र व वैद्यक या पाच विषयांत. त्यांत कायदा नव्हता. आणि भाषेचा प्रश्न तर नवाच उपस्थित झाला. पोलंडचा विद्यार्थी हॉलंडात सहा महिन्यांसाठी येणार, तो डच शिकणार केव्हा? लॅटिन तर गेली. तेव्हा बोलोन्यात लॅटिन जेथे होती तेथे इंग्रजी येऊन बसली. आज लायडनला इटालियन मुलगी आणि जर्मन मुलगा एका बाकावर बसून इंग्रजीतून कायदा शिकतात, आणि शिकविणारे प्राध्यापक बहुधा डच असतात. इंग्लंड २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले, तरी इंग्रजी संघातच राहिली.

वरवर पाहता बोलोन्याचे दिवस परत आले असे वाटेल. पण येथेच सावधपणे पाहिले पाहिजे. लॅटिन ही ज्या कायद्याची भाषा होती, तोच कायदा तिच्यातून शिकविला जाई. इंग्रजी ही मात्र वर सांगितल्याप्रमाणे त्या एकलकोंड्या कॉमन लॉची भाषा. तिच्या एकेका पारिभाषिक शब्दात लंडनच्या न्यायालयांचा शेकडो वर्षांचा अर्क मुरलेला आहे, आणि त्याच शब्दांत आता जर्मन, डच, फ्रेंच कायदा ओतावयाचा आहे. भांडे एका घरचे आणि पाणी दुसऱ्या घरचे, असा हा प्रकार.

एक साधे उदाहरण घेऊ. पाववाल्याच्या दुकानातून पाव विकत घेतला. फ्रेंच कायद्याप्रमाणे सौदा ठरला की पाव आपल्या मालकीचा झाला. इंग्लिश कायद्यातही, वस्तू ठरलेली असली व उभयतांचा मनोदय वेगळा नसला, तर सामान्यतः तसेच. जर्मन कायद्याप्रमाणे मात्र येथे तीन करार झाले. एक, पाव देण्याचे व पैसे देण्याचे वचन. दुसरा, पावाची मालकी देण्याघेण्याचा. तिसरा, नाण्यांची मालकी देण्याघेण्याचा. पहिला करार रद्द ठरला तरी दुसरा व तिसरा उभे राहू शकतात. हे शिकविताना जर्मन प्राध्यापक इंग्रजीत 'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द उच्चारतो, तेव्हा लंडनच्या अर्थाने तो धरणारा विद्यार्थी फसलाच म्हणून समजावे. कारण इंग्लिश कायद्यात साध्या करारास मोबदला, म्हणजे 'कन्सिडरेशन', लागतोच. मालकी देण्याच्या त्या जर्मन कराराला मोबदल्याचे नावही माहीत नाही.

तीच गत 'गुड फेथ' या शब्दाची. जर्मन संहितेच्या २४२ व्या कलमाने प्रत्येक ऋणकोस सचोटीने व विश्वासास जागून आपले कर्तव्य पार पाडण्यास बांधले आहे, आणि त्या एका कलमावर जर्मन न्यायाधीशांनी केवढा तरी डोलारा उभा केला आहे. उलट इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९२ मध्ये वॉलफर्ड विरुद्ध माइल्स या खटल्यात निर्णय दिला की, सौद्याची बोलणी सद्भावाने करावीत असे बंधन आपल्या कायद्यात चालणार नाही. बोलणी करणारा जो तो आपापले हित पाहणार. शब्द एकच, पण एका घरी तो देव्हाऱ्यात आणि दुसऱ्या घरी उंबऱ्याबाहेर! युरोपीय संघाचा कायदा तर २४ भाषांत प्रसिद्ध होतो आणि त्या साऱ्या सारख्याच प्रमाण मानल्या जातात. अर्थ लावताना या भाषांची परस्परांशी तुलना करावी लागते, असे संघाच्या न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितले आहे. त्या न्यायालयाचे आतले कामकाज मात्र फ्रेंचमध्ये चालते. म्हणजे लायडनचा आमचा विद्यार्थी जो निवाडा इंग्रजीत वाचतो, तो बहुधा फ्रेंचमध्ये लिहिला गेलेला असतो.

मग हे शिक्षण व्यर्थ काय? आमचे मत उलट आहे. स्वभाषेत स्वदेशाचा कायदा शिकणाऱ्यास आपले शब्द म्हणजे साक्षात वस्तूच आहेत असे वाटू लागते. मालकी म्हणजे मालकी, करार म्हणजे करार. त्यांत दुसरे काय असावयाचे? परक्या भाषेत तोच शब्द अडखळतो, दोन्ही बाजूंनी बसेनासा होतो, आणि तेथे विद्यार्थ्याच्या लक्षात येते की, ही वस्तू सृष्टीने दिलेली नाही. ती आपल्या पूर्वजांनी काही कारणाने निवडलेली एक वाट आहे, आणि शहाण्या माणसांच्या दुसऱ्या एका समाजाने दुसरी निवडली आहे. स्वतःच्या घराची बाहेरची भिंत पाहण्यास घराबाहेरच जावे लागते. परंतु हे फळ पदरात पडण्यास एक अट आहे. शब्द जेथे अडखळतो तेथे थांबले पाहिजे. सगळेच इंग्रजीत असल्यामुळे सगळे समजले असे मानून जो पुढे धावतो, तो प्रवास करूनही घरीच राहिला असे समजावे. लॅटिनच्या काळी ही भीती कमी होती. इंग्रजीच्या सुलभतेने ती वाढविली आहे.

हे सर्व लिहिताना आम्हां महाराष्ट्रीयांस आपली स्थिती आठवल्यावाचून राहत नाही. परकी भाषा कायद्यात येणे आम्हांस नवे नाही. 'कायदा', 'वकील', 'दावा' हे शब्दच अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी कचेऱ्यांतून पुष्कळसे जुने शब्दच टिकले. इंग्रजी अमलात तर याहून विलक्षण प्रकार घडला. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेतील दायविभागाचे कोलब्रुक यांनी १८१० मध्ये इंग्रजी भाषांतर केले, आणि नीलकंठाच्या व्यवहारमयूखाचे बोराडेल यांनी १८२७ मध्ये. मुंबईच्या न्यायालयांत हिंदू वारसाचा निवाडा या पुस्तकांच्या आधारे होऊ लागला, आणि मराठी मुलगा आपल्याच पूर्वजांचे धर्मशास्त्र इंग्रजीतून शिकू लागला. बॉझवेलला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला होता; आमचा विद्यार्थी १८५५ पासून मुंबईतच बसून परदेशी शिकत आला. आमच्या धर्मशास्त्राचा थोर इतिहास महामहोपाध्याय काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात सिद्ध केला तोही इंग्रजीतच. यात त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. सर्व जगाशी बोलावयाचे होते आणि बोलण्याची भाषा ती होती. आणि प्रवासाचे फळ किती मोठे असू शकते, हे डॉक्टर आंबेडकरांनी दाखवूनच दिले आहे. ज्या कोलंबियात कोर्राडी शिकल्या, तेथेच ते १९१३ मध्ये अर्थशास्त्रादी विषयांच्या अभ्यासास गेले होते. १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले. आणि १९५२ मध्ये त्याच कोलंबियाने राज्यघटनेच्या या शिल्पकारास कायद्याची सन्मान्य डॉक्टरेट अर्पण केली.

तेव्हा आमच्या मुलांस परभाषेतील कायद्याची सवय नाही असे नाही. उलट ती इतकी आहे की, ती परभाषा आहे हेच आपण विसरलो आहोत. १८७२ च्या करार कायद्यातील 'कन्सिडरेशन' पाठ म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यास 'प्रतिफल' हा मराठी शब्द परका वाटतो. कनिष्ठ न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो, त्याचा खटला वर गेला की इंग्रजीत चालतो, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत काय हरवले याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. येथे शब्द अडखळतच नाही, म्हणून थांबणेही होत नाही.

म्हणून आम्हांस प्रश्न विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमचे उत्तर असे आहे. मुलास अवश्य जाऊ द्यावे. तो परत येईल तेव्हा त्याने किती गुण आणले हे विचारण्याची घाई करू नये. ते गुण येथील कचेरीत मोजले जातील की नाही याचीही फार चिंता करू नये. कोर्राडींचे कोणी मोजले नव्हते. त्यास एवढेच विचारावे की, कोणता शब्द तुला मराठीत सांगता आला नाही, आणि का? त्या प्रश्नाचे उत्तर देताना तो जर जरा वेळ गप्प बसला, विचारात पडला, तर आपला पैसा सत्कारणी लागला असे खुशाल समजावे.